पिशोरचा चौथा स्विच

मार्चच्या नऊ तारखेला सकाळी सव्वासातला पिशोरचं नेट गेलं, आणि विशाखा गेल्याचं पिशोरला कळलं.

विशाखा माझी बायको. ती जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात गेली. म्हणजे हर्सूलच्या आमच्या घरून पिशोरला ही बातमी पोचायला सहा आठवडे लागले. ज्याचा धंदाच गावोगावी इंटरनेट पोचवायचा, त्याच्या घरची बातमी पोस्टकार्डापेक्षा हळू जावी, ही काही मिरवायची गोष्ट नाही. पण कारण साधं आहे. त्या सहा आठवड्यांत पिशोरचं नेट एकदाही बंद पडलं नव्हतं, आणि नेट चालू असताना आमची आठवण कुणाला येत नाही.

तक्रारीचा नंबर तिचा होता. आमची वाटणी पहिल्या दिवसापासून ठरलेली. टॉवर माझे, फोन तिचा. मी टेलिफोन खात्यात अठ्ठावीस वर्षं तारा जोडल्या, मग स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि आम्ही दोघांनी हे काम सुरू केलं. पाच गावांत पाच टॉवर. लोखंड, तार, वीज मला कळते. माणसं तिला कळायची. मी गिऱ्हाइकाशी पाच मिनिटं बोललो की ते कनेक्शन काढायला सांगतं, असं तिचं निरीक्षण होतं, आणि ते तिनं माझ्यासमोर पाहुण्यांना सांगितलेलं आहे.

तिचा फोन महिनाभर कपाटात बंद पडून होता. मार्चच्या सुरुवातीला मी तो चार्जिंगला लावला. का लावला ते विचारू नका. नऊ तारखेला तो वाजला.

“ताई, नेट गेलं की वो!”

हा कृष्णा. पिशोरला दूध संकलन केंद्र चालवतो. नेट गेलं की त्याचं दूध मोजायचं यंत्र थांबतं आणि सगळे दूधवाले कॅन घेऊन त्याच्यासमोर उभे राहतात.

“मी हिवाळे बोलतोय.”

“साहेब, ताईला द्या ना. तुमच्याच्यानं नाय व्हायचं.”

पिशोरचा टॉवर मी उभा केलाय. त्याचा एकेक नट मी आवळलाय. तरी मी गिळलं.

“ताई नाहीत.”

“कुठं गेल्या?”

हा प्रश्न मला तोवर कुणी विचारला नव्हता. घरी जे आले ते कळूनच आले होते.

“कृष्णा, ताई वारल्या. जानेवारीत.”

मागं कॅनचा आवाज येत होता, तोही थांबला. “काय सांगता साहेब,” तो म्हणाला. “नाय नाय. असं कसं. परवाच तर बोलल्या. परवा म्हणजे, पोळ्याच्या टायमाला.” मग त्यानं घसा साफ केला. “साहेब, आत्ता इचारू नये, पण मंग नेट कधी येईल?”

अकरापर्यंत त्रेचाळीस फोन आले. पहिल्या पाचसहा जणांना मीच सांगितलं. पुढच्यांना कृष्णानं केंद्रावर सांगून ठेवलं होतं, त्यामुळं ते आवाज आधीच पाडून बोलायला लागायचे. आधी ताई, मग नेट. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मात्र आधी नेटचं विचारलं आणि मग ताईचं. मला ते जास्त आवडले. नेटचं संपवून टाकल्यामुळं ताईबद्दल बोलताना त्यांना घाई नव्हती.

आता बिघाड काय होता ते सांगतो. टॉवरवर डिश असतात, त्या गावातल्या घरांकडं नेट फेकतात. त्या डिशना वीज लागते, पण विजेची वेगळी तार वर नेत नाहीत. खाली पेटीत स्विच नावाचा एक डबा असतो. त्यातून प्रत्येक डिशला एकच केबल जाते, आणि त्या एका केबलमधून नेटही जातं आणि वीजही. मी हे गिऱ्हाइकांना समजावायला लागलो की त्यांचे डोळे मिटायला लागायचे. विशाखा म्हणायची, “जेवणाचा डबा समजा. एकाच डब्यात पोळी पण, भाजी पण. डबा चुकला की वरचा उपाशी.” पिशोरला तो डबा चुकला होता. स्विच मेला होता.

मेला तर मेला. स्विच मरतात. माझ्याकडं एक जादा होता. तो घेऊन मी मोटरसायकलवर फुलंब्रीवरून पिशोर गाठलं. टॉवर गावाबाहेर, भागूबाईंच्या शेताच्या कडेला आहे. त्यांचं घर तिथंच, म्हणून पेटीची चावी त्यांच्याकडं असते. “चावी द्या,” मी म्हणालो. त्यांनी दिली. तासाभरात दुसरा स्विच बसवला, सगळे दिवे हिरवे. “चावी घ्या,” म्हणालो. त्यांनी घेतली. त्या काहीतरी बोलणार होत्या असं वाटलं, पण तोवर मी हेल्मेट घातलं होतं.

दोन एप्रिलला दुसरा स्विच मेला.

स्विच चांगला चारपाच वर्षं जगतो. चोवीस दिवसांत मरणं हा त्याच्यावर अन्याय आहे. मी मीटर घेऊन गेलो. विजेचा दाब मोजला. बॅटरी मोजली. पेटीत मुंग्या नाहीत, पाणी शिरलेलं नाही. प्रत्येक केबलचं टोक कापून नवं बसवलं. थोडक्यात, जे जे दुसऱ्या कुणी केलं होतं किंवा कारखान्यातून आलं होतं, ते सगळं संशयानं तपासलं. जे मी स्वतः केलं होतं ते तपासायचा प्रश्नच नव्हता. मग शहरातून नवा स्विच आणला आणि बसवला. हा तिसरा.

मेलेला दुसरा स्विच हमीच्या मुदतीत होता, म्हणून मी कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. तिथं सोनिया नावाची बाई होती. अतिशय सभ्य.

“सर, प्रॉडक्ट विशाखा मॅडमच्या नावावर आहे. व्हेरिफिकेशनसाठी मॅडमशी बोलता येईल का?”

पिशोरला मी खरं सांगितलं होतं. एका सकाळीच कितीतरी वेळा. आता पुन्हा सांगायला माझ्याकडं काही उरलं नव्हतं. मी म्हणालो, “त्या बाहेर गेल्यात.”

“कधी येतील सर?”

“सांगता येत नाही.”

“मग गुरुवारी कॉल करू?”

“करा,” मी म्हणालो. गुरुवारी तिनं खरंच केला. मी म्हणालो, अजून आल्या नाहीत. तिनं सोमवार दिला. असं करत करत विशाखा एप्रिलभर बाहेरगावी होती. दर चारपाच दिवसांनी कुणीतरी विचारायचं, मॅडम आल्या का, आणि मी म्हणायचो, नाही अजून. खोटं बोलल्याची लाज वाटायची. पण खरं सांगतो, तो फोन यायच्या दिवशी मी दाढी करून बसायचो.

इथं नानासाहेब येतात. नानासाहेब आमचे शेजारी, कृषी खात्यातून निवृत्त. विशाखा गेल्यापासून ते रोज संध्याकाळी माझ्याकडं येऊन बसायचे. काय बोलावं ते त्यांना सुचायचं नाही, मलाही सुचायचं नाही, आम्ही दोघं पंख्याकडं बघायचो. स्विच मेल्याचं कळल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर किती महिन्यांनी तेज आलं. विषय मिळाला.

“हिवाळे, पाल,” ते म्हणाले.

“पाल काय?”

“पेटीत पाल शिरते. शॉर्ट होतं. पालही मरते, स्विचही मरतो.”

“मग मेलेली पाल कुठाय?”

“मुंग्यांनी नेली.”

“पेटीत मुंग्या नाहीत.”

“पाल घेऊन गेल्या ना त्या!”

कृषी खात्यात हा माणूस कसा टिकला ते मला तेव्हा कळलं. पालीला अंड्याच्या टरफलांचा वास सहन होत नाही, असं त्यांचं पुढचं म्हणणं. स्वतः अंड्याला शिवत नाहीत, पण माझ्यासाठी टीव्ही सेंटर चौकातल्या ऑम्लेटच्या गाडीवर जाऊन पिशवीभर टरफलं मागून आणली. गाडीवाल्यानं विचारलं, “चाचा, अंडा किधर गया?” तर म्हणाले, “वो तुम देखो.” ती टरफलं घेऊन आम्ही दोघं पिशोरला गेलो आणि तिसऱ्या स्विचभोवती दोऱ्यानं टांगली. भागूबाई दारातून बघत होत्या. “चावी घ्या,” मी म्हणालो.

चोवीस एप्रिलला दुपारी मोठी वावटळ आली, ढग गडगडले, आणि तिसरा स्विच अर्धा मेला.

अर्धा मरणं जास्त वाईट. अर्ध्या गावाचं नेट चालू, अर्ध्याचं बंद. वेशीकडच्या गल्ल्या म्हणायला लागल्या, हिवाळे साहेबांनी बाजारगल्लीकडून पैसे घेऊन त्यांनाच नेट दिलंय. बाजारगल्ली म्हणायला लागली, आम्ही शिस्तीत राहतो म्हणून आमचं चालतं. ग्रामपंचायतीत पाच वर्षं पडली नव्हती एवढी फूट आठ पोर्टच्या, म्हणजे आठ भोकांच्या, डब्यानं पाडली.

आता संशय वरच्या डिशवर. म्हणजे चढणं आलं. माझं वय एकसष्ट. पट्टा बांधून मी चढलो, डिशच्या केबल काढून बघितल्या, त्यात काही सापडलं नाही, आणि उतरताना पट्ट्याचा हूक एका पट्टीत अडकला. वर जाता येईना, खाली येता येईना. तोवर गावातली तीसेक माणसं जमली होती. नानासाहेबांनी खालून सूत्रं हातात घेतली.

“हिवाळे, डावा पाय खाली!”

घेतला.

“हा नाही, डावा!”

“हाच डावा आहे!”

“मग उजवा!”

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, “ताई असत्या तर फोनवर उतरवलं असतं.” सगळे हसले. मी वर लटकलेला, मला त्यांची फक्त डोकी दिसत होती, ती मग एकदम सगळी खाली झाली. मी हूक सोडवून उतरलो. शर्ट फाटला होता.

कृष्णा मला बाजूला घेऊन गेला. “साहेब, मी काय तुमच्याइरुद्ध नाय. पण गावात दुसऱ्या कंपनीचा फायबरवाला यायलाय. एकोणीस मेला नावं घ्यायला येणार. लोक म्हणत्यात, ताईमुळं थांबलो होतो. आता अजून एकदा जर गेलं ना, तर मी बी थांबवू शकणार नाय.”

हे साधं वाटतं, पण साधं नव्हतं. पुढच्या दोन गावांचं नेट पिशोरच्या टॉवरवरूनच जातं. पिशोर गेलं की ती दोन गेली, आणि उरलेल्या दोन टॉवरवर धंदा होत नाही. माझी मुलगी मोनाली पुण्याला असते. ती जानेवारीपासून म्हणत होती, बाबा, बंद करा आणि इकडं या. त्या संध्याकाळी मी तिला फाटक्या शर्टाचं सांगितलं नाही, पण नानासाहेबांनी सांगितलं होतं.

“बाबा, शेवटचं विचारते. किती स्विच मारणार आहात?”

“एक. आणखी एक लावतो. तो मेला तर बंद करून पुण्याला येतो.”

“शब्द?”

“शब्द.”

शब्द देऊन बसलो आणि मग घाबरलो. विशाखाच्या साड्या एका कपाटात मावल्या होत्या. तिची पुस्तकं एका फळीवर. पण हे काम, हे पाच टॉवर आणि तिला ताई म्हणणारी शेकडो माणसं, हे कुठल्या कपाटात मावत नव्हतं. ते बंद केलं की ती माझ्या घरापुरती उरणार होती. आणि घरात तर ती नव्हतीच.

चौथा स्विच कंपनीकडून हवा होता, हमीतला, नवाकोरा. तोवर अर्ध्या मेलेल्यावरच दोन्ही बाजू आलटून पालटून चालवत होतो. पुढच्या सोमवारी सोनियाचा फोन आला. “सर, मॅडम आल्या का?”

“सोनियाताई,” मी म्हणालो, “मॅडम येणार नाहीत. त्या वारल्या. जानेवारीतच. मी तुमच्याशी खोटं बोलत होतो.”

ती म्हणाली, “सर, माझे वडील गेले तेव्हा आईनं वर्षभर दूधवाल्याला सांगितलं नव्हतं. दोन लिटरच घेत होती.” मग तिचा सरकारी आवाज परत आला. “मग सर, मृत्यू प्रमाणपत्र, वारसाचं स्वयंघोषणापत्र आणि इतर वारसांची ना हरकत लागेल.”

“एका स्विचसाठी?”

“सिस्टीम घेत नाही सर.”

माझ्या सासऱ्यांनी जमीन वाटली तेव्हा इतके कागद लागले नव्हते. मोनालीला फोन केला. तिनं स्टॅम्प पेपरवर लिहून पाठवलं की माझ्या दिवंगत आईच्या नावे असलेल्या आठ पोर्टच्या स्विचवरील माझा हक्क मी राजीखुशीनं सोडत आहे. वाचून दाखवताना ती हसत होती. हसता हसता थांबली. मग म्हणाली, “बाबा, ‘दिवंगत आई’ असं मी पहिल्यांदा लिहिलं.”

सोळा मेला पार्सल आलं. वर नाव तिचंच. पार्सलवाला म्हणाला, मॅडमच्या फोनवर नंबर आलाय तो सांगा. मी सांगितला. सतरा मेला रविवारी तो स्विच, नानासाहेब आणि विशाखाचा फोन असं सगळं घेऊन मी पिशोरला गेलो. फोन एवढ्यासाठी की स्विच चालू करताना कंपनीचा आणखी एक नंबर त्यावरच येणार होता.

चौथा स्विच बसवला. दिवे हिरवे. मग शेवटचं म्हणून पुन्हा वर चढलो, डिशची जोडणी बघितली आणि या वेळी न अडकता उतरलो. पाय जमिनीला टेकले आणि खिशातला विशाखाचा फोन वाजला. एकदाच वाजून बंद. बघितलं तर ‘भागूबाई पिशोर’.

भागूबाई माझ्यापासून वीस पावलांवर त्यांच्या दारात उभ्या होत्या. हातात फोन.

“तुम्ही केला?” मी विचारलं.

“व्हय.” त्या ओशाळल्या. “सवय हाय. तुम्ही वर चढले की बाईंचा फोन यायचा, भागूबाई, लक्ष ठेवा. खाली उतरले की मी मिस कॉल द्यायची. पैसे नाय लागत.”

मागच्या वेळी चढलो त्या दिवशीही घरी चार्जिंगला असलेल्या फोनवर मी त्यांचा मिस कॉल बघितला होता. तक्रार असेल म्हणून सोडून दिला होता.

“सहा वर्षं?” मी म्हणालो.

“टावर झाला तवापासून.” मग त्या पदर खोचून पुढं आल्या. बहुतेक मी हेल्मेट घालायच्या आत बोलून घ्यावं असं त्यांना वाटलं असणार. “साहेब, एक इचारू का? त्या खड्ड्यात पाणी टाकायचं, का ते बी बंद आता?”

“कुठल्या खड्ड्यात?”

त्यांनी टॉवरच्या मागं बोट दाखवलं. अर्थिंगचा खड्डा. मीच सहा वर्षांपूर्वी खणलेला, मीठ आणि कोळसा घालून भरलेला. तो कशासाठी असतो तर, टॉवर म्हणजे उघड्या रानात उभं केलेलं लोखंड. वावटळीत, गडगडाटात त्याच्यावर हवेतली वीज चढते. तिला जमिनीत उतरायला वाट लागते. ती वाट म्हणजे हा खड्डा. पण खड्डा ओला असेल तरच वाट. कोरडा झाला की वीज जमिनीत जायच्या ऐवजी केबलमधून स्विचमध्ये शिरते.

“तुम्ही पाणी टाकायच्या?”

“दिसाआड चार बादल्या. बाईंचा फोन यायचा ना. म्हणायच्या, आमच्या टावरला तहान लागते.”

“मग बंद का केलं?”

भागूबाई जमिनीकडं बघायला लागल्या. “जानेवारीत फोन बंद झाला. मी लावला तर लागंना. पंधरा दिस वाट पाह्यली. म्हणलं बाई रुसल्या कशावर तरी. मंग मी बी रुसले. म्हणलं, फोन नाय तर पाणी नाय.” पदर डोळ्याला लावला. “मार्चात कळलं, बाई गेल्या. मेल्या माणसावर रुसून बसले होते मी. लई लाज वाटली. मंग इचारावं तर कुणाला? तुम्ही चावी द्या, चावी घ्या. सहा वर्षांत तिसरा शबुद नाय तुमच्या तोंडात.”

मी खड्ड्यापाशी जाऊन बसलो. माती भेगाळली होती. बोट घातलं तर आतून राखेसारखं कोरडं. तीन स्विच, दीड महिना सोनिया, पिशवीभर टरफलं, आणि उत्तर माझ्या स्वतःच्या खड्ड्यात. खड्डा भरला त्या दिवशी मी घरी जाऊन विशाखाला एवढंच म्हणालो असेन की उन्हाळ्यात त्याला पाणी घालावं लागतं. मी ते सांगून विसरलो. तिनं ऐकून धरून ठेवलं. अठ्ठावीस वर्षं खात्यात काढलेल्या माणसाचं अर्थिंग सहा वर्षं फोनवर चाललं होतं.

“हिवाळे,” नानासाहेब हळूच म्हणाले, “पाल नव्हती म्हणायची.”

मी बल्ब घेतला. त्याची एक तार विजेला लावली, दुसरी अर्थिंगला. अर्थिंग धड असेल तर बल्ब पूर्ण पेटतो. आमचा बल्ब विझत आलेल्या विडीएवढा लाल झाला. तोवर पश्चिमेकडून आभाळ काळं व्हायला लागलं होतं. कृष्णाला फोन केला, तो दुधाचे दोन कॅन घेऊन आला. मग हौदावरून खड्ड्यापर्यंत आमची रांग लागली. भागूबाई भरायच्या, कृष्णा आणायचा, मी ओतायचो, नानासाहेब मोजायचे. सत्तावीस खेपा. ते तिसावर ठाम होते, मधल्या तीन त्यांनी त्यांच्या विचारानं धरल्या असाव्यात. माती पाणी पीत होती, वर ठेवतच नव्हती. पुन्हा बल्ब लावला. लख्ख पेटला. चौघंही बल्बकडं बघत उभे राहिलो.

चार वाजता धूळ उठली. आम्ही भागूबाईंच्या पत्र्याखाली जाऊन बसलो. पेटीचं दार मी उघडं ठेवलं होतं, स्विचचे दिवे तिथून दिसत होते. पाऊस नव्हताच, नुसता वारा आणि कडकडाट. पत्रा थरथरत होता. एक वीज इतकी जवळ कडाडली की कृष्णानं माझा हात धरला, आणि मग सोडायचं विसरला. दिवे एकदा लुकलुकले. सगळे मिळून. मोनालीला दिलेला शब्द, फायबरवाला, एकोणीस तारीख, सगळं त्या दिव्यांपाशी येऊन थांबलं होतं. दिवे परत हिरवे झाले. वारा पाऊण तास चालला. स्विच टिकला.

कृष्णानं मोबाईल काढून बघितला. “चालू हाय,” तो म्हणाला. “दोन्ही गल्ल्यांचं.” एवढं बोलून तो कॅन घेऊन गेला. परवा येणाऱ्या माणसाला काय सांगायचं ते तो बघेल असं जाता जाता ओरडला.

भागूबाईंनी चहा केला. सहा वर्षांत मी त्यांच्याकडं पहिल्यांदा चहा प्यायलो.

“बाई काय बोलायच्या तुमच्याशी?” मी विचारलं.

“काय बी. अर्धा अर्धा घंटा. माझ्या लेकीचं बाळंतपण. त्यांची मोनाली. तुमचं.”

“माझं काय?”

“तुम्ही वर असले की म्हणायच्या, भागूबाई, ते वर चढलेत आन माझा जीव खाली नाय. मी म्हणायची, मंग सांगा ना त्यांना. तर म्हणायच्या, सांगितलं तर चढायचे नायत. मंग दिवसभर घरात बसून करतील काय ते?”

मी टॉवरवरून घरी आलो की ती टीव्हीसमोर बसलेली असायची. मान न वळवता म्हणायची, “आलात? हात धुवा.” मला वाटायचं, मालिकेत गुंतलीय. नानासाहेब चहाच्या कपात बघत होते. मीही माझ्या कपात बघितलं.

पिशोर राहिलं. मोनालीला कळवलं. “बरं,” ती म्हणाली. आणि मग, “खाली उतरलात की मला मिस कॉल देत जा.”

दुसऱ्या दिवशी मी विशाखाच्या फोनमधली नावं काढून बसलो. पिशोरला एक माणूस होता तर बाकी टॉवरनाही असणार. तिनं नावं तिच्या पद्धतीनं लिहिलेली. ‘आवडाबाई शेळी’, ‘रूपा टपरी’, ‘बन्सीकाका दमा’. एकेकाला फोन लावले. तिघांनाही तिच्याबद्दल माहीत नव्हतं. तिघांना सांगितलं. एका दिवसात एकाच्या वर जमलं नाही, म्हणून तीन दिवस लागले. तिघांनीही पाणी थांबवलं होतं, तिघांनीही परत सुरू केलं.

आता मी दिसाआड चौघांना फोन करतो. सुरुवातीला “पाणी टाकलं का?”, “टाकलं”, “बरं”, असा फोन अकरा सेकंदांत आटपायचा. भागूबाई रागावल्या. म्हणाल्या, आधी माणसाचं इचारा, मंग पाण्याचं. म्हणून पुढच्या वेळी मी त्यांना विचारलं, “शेळी कशी आहे?”

“शेळी माझ्याकडं कुठं हाय? आवडाबाईकडं हाय. माझी लेक हाय.”

“लेक कशी आहे?”

“हां. आता बोला.”

काल साडेचार मिनिटं बोललो.

राहिला पाचवा टॉवर, लासूर स्टेशनचा. बाजार समितीच्या गोदामांमागं आहे. आसपास घर नाही, फक्त कुलूप लावलेली गोदामं. त्या टॉवरचं नेट या उन्हाळ्यात एकदाही गेलं नाही. मे संपताना मी तिथं बल्ब आणि दोन बादल्या घेऊन गेलो. खड्डा ओला होता. नुकताच ओला, माती काळी, आणि कडेला प्लास्टिकचा एक मग पालथा घातलेला. गोदामातल्या हमालांना विचारलं, टपरीवर विचारलं, स्टेशनवर विचारलं. कुणाला माहीत नाही. दोन दुपारी मी तिथं गोदामाच्या सावलीला बसून राहिलो. कुणी आलं नाही. आठवड्यानं गेलो तर खड्डा पुन्हा ओला.

विशाखाच्या फोनमधल्या नावांपैकी लासूरचं कोणतं ते मला सापडलेलं नाही. ती गेल्याचं त्या माणसाला सांगायचं राहिलं आहे.